माळ्यावरचा खलबत्ता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — तुकड्यातुकड्यानं सांगितलंय. नवऱ्याला एक तुकडा, डॉक्टरांना एक, लेकीला एक, आणि सासूबाईंना शेवटचा, सगळ्यात छोटा. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग कुणालाच नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही काही माझ्या घरी जेवायला येणार नाही, म्हणून जरा सोपं जातंय.

गोष्ट शेंगदाण्याच्या चटणीची आहे. हसलात ना? कुणी मला सांगितली असती तर मीही हसले असते. चटणीत कसली आली आहेत पापं? पण आहे. एका चटणीवर मी नऊ वर्षं एक खोटं पोसलं आणि त्याला रोज वेळेवर खायला घातलं.

आम्ही धारवाडात, सप्तापुरात राहतो. नवरा प्रसाद वकिली करतो. मी हुबळीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते — हे लक्षात असू द्या, पुढं याची मला लाज वाटणार आहे. मुलगी मिनू दहा वर्षांची, मुलगा नचू पाचचा. आणि सासूबाई. त्यांना घरात सगळेच अक्का म्हणतात. आधी त्यांची धाकटी भावंडं म्हणायची, ते ऐकून प्रसाद म्हणायला लागला, मग मी, मग मुलं. कन्नड शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. आवाज अजून वर्गातलाच.

अक्कांची चटणी आमच्या अख्ख्या गोतावळ्यात प्रसिद्ध होती. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडायची, मग लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून लोखंडी खलबत्त्यात कुटायचं. मिक्सरात नाही. मिक्सरात केली तर अक्का तिला चटणी म्हणतच नसत, ‘पूड’ म्हणत. कुटता कुटता तेल सुटायचं आणि तिचा गोळा व्हायचा. तव्यावरची गरम भाकरी, वर तो गोळा, त्यात बोटानं खळगा, खळग्यात तेल. कुणी पुण्याला निघो की बेळगावला, पिशवीत एक डबा असायचाच.

पण मी चटणीचं कौतुक का करत बसलेय? टाळतेय. कळतंय मला.

मिनू वर्षाची झाली आणि मी पुन्हा कॉलेजात जायला लागले. सकाळची बस, संध्याकाळची बस. मध्ये लेक अक्कांकडं. त्यांनी कधी कुरकुर केली नाही, कधी उपकार दाखवले नाहीत. दाखवले असते तर बरं झालं असतं — मला राग धरायला काहीतरी मिळालं असतं. तसा मी धरलाच, पण विनाकारण.

कारण काय, तर मिनू माझ्या हातून जेवायची नाही. रविवारी मी हौसेनं गाजर उकडायची, गाळायची, त्यात मुगाचं पाणी घालायची. मोबाईलवर बघून बघून शिकले होते. मिनू एक चमचा तोंडात घेई आणि ‘फुर्र’ करून माझ्या अंगावर उडवी. मग अक्का बाहेरून म्हणत, ‘‘आण गं इकडं, मी बघते.’’ भाकरीचा मऊ पापुद्रा दुधात कुस्करायचा, मोहरीएवढी चटणी बोटाला लावायची — ‘‘हा घास गुब्बीचा, हा घास कागीचा.’’ गुब्बी म्हणजे चिमणी, कागी म्हणजे कावळा. आणि माझी लेक, जी माझ्यासमोर ओठ शिवून बसायची, ती पाखरासारखं तोंड उघडायची. वाटी साफ. मी समोर उभी, अंगावर गाजर.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? खरंच काही नाही. पण तेव्हा मला वाटायचं, ही बाई माझं मूल माझ्या डोळ्यांदेखत नेतेय, तेही एका मोहरीएवढ्या चटणीवर.

मिनू दीड वर्षाची असतानाचा तो रविवार. आठ दिवसांपूर्वी माझी ताई तिच्या मुलाला घेऊन राहून गेली होती. त्याच्या घशाचं औषध, अर्धी बाटली, फ्रिजच्या दारात राहिलं होतं. मिनूला सर्दी झाली होती, अंग जरा कोमट लागत होतं. रविवार, म्हणून दवाखाना बंद. सोमवारी मला कॉलेज चुकवता येत नव्हतं. मी बाटली काढली, हलवली आणि अर्धा चमचा दिलं. अंदाजानं. रसायनशास्त्राची बाई — अंदाजानं! मुलांना थेंब मोजायला शिकवते मी. एका थेंबानं रंग बदलतो म्हणून ओरडते त्यांच्यावर.

त्यानंतर तासाभरानं अक्कांनी तिला जेवू घातलं. रोजच्यासारखं.

चारच्या सुमारास मिनूच्या पाठीवर लाल गांध्या उठल्या. मग पोटावर, मग गालावर. ओठ सुजले. ती रडत नव्हती, नुसती अंग घासत होती आणि श्वासाला बारीक आवाज येत होता. प्रसादनं स्कूटर काढली, मी तिला घेऊन मागं बसले, अक्का रिक्षानं मागून. ओळखीच्या डॉक्टरांचं घर गाठलं. त्यांनी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मिनू शांत झाली, माझ्या खांद्यावर झोपली.

तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘‘आज वेगळं काय दिलं होतं?’’

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलल्या. ‘‘मीच दिली हो चटणी. शेंगांची. रोज देते, पण आज जरा जास्त पडली काय की.’’ त्यांचा तो वर्गातला आवाज — एवढासा झाला होता.

डॉक्टरांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळून विचारलं, ‘‘दुसरं काही? एखादं औषध वगैरे?’’

मी म्हटलं, ‘‘नाही.’’

बस, एवढंच. तो एक शब्द. मी विसरले नव्हते. गोंधळले नव्हते. बाटलीचा रंग, चमच्याचा दांडा, सगळं डोळ्यांसमोर होतं. पण डॉक्टरांच्या त्या खोलीत प्रसाद उभा होता, अक्का उभ्या होत्या, आणि मला ‘विचारल्याशिवाय दुसऱ्याचं औषध पाजणारी आई’ व्हायचं नव्हतं. समोर दुसरं कुणीतरी आपणहून गुन्हेगार झालं होतं. मी होऊ दिलं.

डॉक्टर म्हणाले, शेंगदाणे पूर्ण बंद करा, थोडी मोठी झाली की हुबळीत नेऊन तपासणी करून घ्या. घरी आल्यावर मी औषध मोरीत ओतलं. बाटली पर्समध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरच्या कचऱ्यात टाकली.

त्याच दिवशी मी कॉलेजातून घरी आले तर फळीवरचा चटणीचा डबा नव्हता. खलबत्ताही नव्हता. अक्कांनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळून प्रसादकरवी माळ्यावर टाकून घेतला होता. भाजीतला दाण्याचा कूट गेला. कोशिंबिरीतला गेला. पंचमीच्या उंड्या — आमच्याकडं नागपंचमीला शेंगांच्या, तिळाच्या उंड्या, म्हणजे लाडू, बांधून घरोघर देतात — त्यातल्या शेंगांच्या बंद झाल्या. आणि जेवायची वेळ झाली तेव्हा अक्कांनी दूधभाकरीची वाटी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, ‘‘तूच भरव गं आता. माझ्या हातचं नको तिला.’’

मी भरवलं. मिनूनं दोनदा अक्कांकडं बघितलं, मग खाल्लं.

आता सांगते ते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. त्या संध्याकाळी मला आनंद झाला. खोटं पचलं म्हणून सुटल्यासारखं वाटलं, तेवढंच नाही — आनंद झाला. वाटी माझ्या हातात होती आणि घास माझ्या लेकीच्या तोंडात जात होता. दाराशी उभी एक म्हातारी पदराला हात पुसत होती, स्वच्छ हात पुन्हा पुन्हा पुसत होती — आणि मी ते बघून घेतलं, आणि मला बरं वाटलं.

त्यानंतरची वर्षं काय सांगू? खोटं सांभाळायला सोपं असतं, घरातलं कुणी खोटं बोलत असेल असं कुणाच्या मनात नसलं की. तपासणीचं मी ढकलत राहिले — यंदा परीक्षा आहेत, यंदा नचू पोटात आहे. माहेरी मिरजेला गेले की आई मिनूला दाण्याचे लाडू द्यायची आणि मी देऊ द्यायची. तीन वर्षांची होईपर्यंत तिनं तिथं खुशाल लाडू खाल्ले. मग ती नीट बोलायला लागली. धारवाडात येऊन सांगेल म्हणून ते लाडूही बंद केले. म्हणजे मला ठाऊक होतं, रोज ठाऊक होतं, की शेंगदाण्याचा काही दोष नाही.

आणि दवाखान्यात दरवेळी मीच जायची. ताप असो, खोकला असो, रजा टाकून. ते औषध कुणी लिहिलं की म्हणायची, ‘‘यानं पोट बिघडतं तिचं, दुसरं द्या.’’ नातेवाइकांत माझं केवढं कौतुक! मुलीला कशी तळहातावर जपते बघा. अक्काही म्हणायच्या. इतरांपेक्षा जास्त म्हणायच्या.

मिनूचं काय झालं? मिनू पुडे वाचायला शिकली. पाठ्यपुस्तकाच्या आधी तिनं बिस्किटांच्या पुड्यांमागची बारीक अक्षरं वाचली असतील. संक्रांतीला मैत्रिणी एळ्ळु-बेल्ल द्यायच्या — तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे — तर ही त्यातला दाणा न् दाणा वेचून नचूला द्यायची आणि मग साबणानं हात धुवायची. एकदा तिच्या बाईंनी मला थांबवून सांगितलं, कुणाच्या तरी वाढदिवसाला चिक्की वाटली तेव्हा मिनू वर्गाबाहेर जाऊन उभी राहिली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘‘मी मरेन.’’

हे ऐकून तरी मी बोलायला हवं होतं ना? नाही बोलले. घरी येऊन तिला जवळ घेतलं आणि गोड शिरा केला.

आणि नचू — त्याला तर अक्कांनी कधी भरवलंच नाही. अंघोळ घातली, गोष्टी सांगितल्या, पाठीवर घेऊन अंगणभर फिरल्या. पण जन्मल्यापासून एक घास नाही. तो मागायचा. ‘‘आई भरवील हं,’’ म्हणून उठून जायच्या.

गेल्या महिन्यात मिनूला घसा धरून ताप आला. मी हुबळीत परीक्षेच्या सुपरव्हिजनला होते, मोबाईल बाहेर पिशवीत. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून प्रसाद तिला एका नव्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. त्यांनी विचारलं, कशाचं वावडं आहे का? प्रसादनं सांगितलं, फक्त शेंगदाण्याचं. चिठ्ठीचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं : काळजी करू नको, औषध आणलंय.

पेपर गोळा करून मी फोन उघडला. फोटो मोठा केला. तेच नाव.

प्रसादला लावला, उचलेना. कोर्टात गेला असणार. पुन्हा लावला. मग घरचा लावला. वाजतोय, वाजतोय. अक्कांनी उचलला.

‘‘अक्का, औषध दिलं?’’

‘‘देतेच आहे की. चमच्यात ओतलंय बघ, तोंड वाकडं करून बसलीय तुझी लेक.’’

‘‘देऊ नका! अक्का, देऊ नका, ओता ते!’’ मी स्टाफरूममध्ये किंचाळले. सगळे वळून बघायला लागले.

‘‘बरं. नाही देत,’’ अक्का म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘‘का गं?’’

मी म्हटलं, ‘‘घरी आल्यावर सांगते.’’

तेव्हासुद्धा मी आणखी एक खोटं सांगू शकले असते. जिभेवर आलंही होतं. पण हुबळीहून धारवाडला येताना बसमध्ये मी तो चिठ्ठीचा फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. माझी सगळी हुशारी एकाच गोष्टीवर उभी होती — दरवेळी तिथं मी असायला हवी. आणि मी नव्हते. नऊ वर्षांपूर्वी ज्या बाईच्या हातावर मी दोष टाकला, त्याच हातानं माझ्या लेकीला खरोखरचं विष पाजायची वेळ मी आणली होती. तिला कळलंही नसतं. पुन्हा तिनंच म्हटलं असतं, मीच दिलं हो.

उतरले ती सरळ कोर्टात गेले. प्रसादला बाहेर बोलावून सांगितलं. तो एरवी वाद घालायला तयार असलेला माणूस. नुसतं विचारलं, ‘‘नऊ वर्षं?’’ आणि स्कूटरची किल्ली दोनदा खाली पाडली. तिथून डॉक्टरांकडं गेलो. त्या तरुण डॉक्टरांनी औषध बदललं आणि मला जे सुनवायचं ते सुनवलं. ताप उतरल्यावर हुबळीत तपासणी झाली. शेंगदाण्याचं काही नाही. त्या औषधाचं नाव तेवढं मिनूच्या फायलीवर लाल शाईनं लिहिलं.

मिनूला मी आमच्या पायरीवर बसून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. ‘‘म्हणजे मी मरणार नव्हते?’’

‘‘नाही.’’

‘‘कधीच?’’

‘‘कधीच नाही.’’

ती बोटं मोजायला लागली. मला वाटलं, वर्षं मोजतेय. ती पंचमीच्या उंड्या मोजत होती. मग म्हणाली, ‘‘तू खूप वाईट केलंस,’’ आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मला बरं वाटलं म्हणणं चूक होईल, पण तिचा आवाज घाबरलेला नव्हता.

आणि अक्का. त्यांना मी, बसमधून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ओट्यापाशी सांगितलं. औषधाचं, ‘नाही’चं, मिरजेच्या लाडवांचं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. जुडी संपेपर्यंत निवडत राहिल्या. मग एकच विचारलं, ‘‘माझ्या हातानं तिला काही झालं नव्हतं?’’ मी म्हटलं, नव्हतं. त्या उठून गेल्या, आणि पुढं किती तरी दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या — दूध आलंय, गॅस बंद कर.

तपासणीनंतरच्या रविवारी मी भाकरी थापत होते. अक्का आल्या, माझ्या मागं उभ्या राहिल्या.

‘‘एक विचारू काय?’’

‘‘विचारा.’’

‘‘तेव्हा मी तिला भरवायचं सोडलं. तुला बरं वाटलं होतं काय गं?’’

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना सांगायचं कारण नव्हतं, प्रसादला सांगायची हिंमत नव्हती. माझे दोन्ही हात पिठात. नाही म्हणायला किती सोपं होतं, आणि म्हातारीचंही मन राहिलं असतं.

मी म्हटलं, ‘‘हो.’’

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली, एका बाजूनं करपली. मग त्या म्हणाल्या, ‘‘माळ्यावरचा खलबत्ता काढ. माझा हात पोचत नाही.’’

मी स्टूल घेऊन चढले. लुगडं जीर्ण झालं होतं, खलबत्त्याला थोडा गंज धरला होता. अक्कांनी तो राखेनं घासला, धुतला, उन्हात ठेवला. शेंगदाणे स्वतः भाजले. नऊ वर्षांनी घरात तो वास सुटला आणि मिनू दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली. आत येईना. नचूनं मात्र बत्ता दोन्ही हातांनी धरला आणि निम्मे दाणे जमिनीवर उडवले. ‘‘साकु, साकु, पुरे,’’ म्हणत अक्कांनी तो काढून घेतला आणि स्वतः कुटायला बसल्या. हात थकलाय त्यांचा. मध्ये मध्ये थांबत होत्या. मी घेऊ का, असं मी विचारलं नाही.

चटणीचा गोळा झाला. अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, मोहरीएवढी चटणी लावली आणि हात पुढं केला. दहा वर्षांच्या घोडीला भरवायला! मिनूनं आधी तुकड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी काही सांगितलं नाही — माझ्या सांगण्याला आता काय किंमत? मग तिनं अक्कांच्या हाताकडं बघितलं. तो मागं आला नाही. तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिनं चावलं, गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. अक्कांचा चेहरा पांढरा पडला.

‘‘तिखट आहे,’’ मिनू म्हणाली. ‘‘अजून दे.’’

अक्का हसल्या. मग रडल्या, मग पदरानं नाक पुसून सगळ्यांना वाढायला बसल्या. प्रसादच्या ताटात चटणी वाढली, वर तेल सोडलं. मिनूच्या ताटात वाढली, नचूच्या ताटात चिमूटभर. माझ्या ताटात नाही. मी मागितली नाही.

मी भाकरी भाजत राहिले. एक टम्म फुगली, ती काढून नचूच्या ताटात टाकली. त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. तो अक्कांच्या मांडीला खेटून, तोंड आ करून, आपल्या पाळीची वाट बघत बसला होता.